मोकळी होणारी जागा

१

ऑफिसात तिला सगळे मिरची म्हणायचे. पाठीमागे, अर्थात. तोंडावर म्हणायची कुणाची टाप नव्हती. घरी मात्र ती ताई होती, आणि ही गोष्ट घरातली आहे, म्हणून आपणही ताईच म्हणू.

एका मोठ्या तपासणी केंद्राचे सर्व्हर ताई सांभाळायची. शहरभरातल्या माणसांची हाडं, फुप्फुसं, मेंदू, सगळ्यांचे फोटो तिच्या खोलीतल्या डिस्कांवर असायचे. माझ्या खोलीत यायचं तर चपला बाहेर ठेवा आणि अक्कल आत आणा, असं ती सांगायची. बरेच जण नेमकं उलटं करायचे आणि मग भरपूर बोलणी खायचे.

तिचे दोन नियम होते आणि त्यांवरून तिने भलेभले रडवले होते. पहिला नियम असा, की डिस्क दुरुस्त करायची जी हत्यारं असतात ती मशीनवर कायमची ठेवायची नाहीत. प्रत्येक डिस्कवर फाइली मांडायची एक पद्धत असते, आणि प्रत्येक पद्धतीचं आपलं वेगळं हत्यार असतं. ते टाकायचं, काम करायचं आणि खुर्चीतून उठायच्या आधी काढून टाकायचं. पडून राहिलं तर कुणीतरी हौशी ते भलत्याच डिस्कवर चालवतो, आणि मग निस्तरत बसायचं ताईने.

दुसरा नियम म्हणजे हो म्हणायच्या आधी वाचायचं. काळ्या पडद्यावर कमांड दिली की मशीन बिचारं नीट विचारतं. सोबत हे हे येईल, एवढी जागा लागेल, पुढे जाऊ? काढतानाही विचारतं. ह्याच्यासोबत आलेल्या अमक्या अमक्याची आता गरज उरलेली नाही, तेही काढतो, एवढी जागा मोकळी होईल, पुढे जाऊ? आणि लोक काय करतात, तर तिकडे न बघता हो म्हणतात. देवाने डोळे काय बटणं म्हणून दिलेत का, असं ताई विचारायची. तिचं म्हणणं खोटं नव्हतं.

२

सुट्टीच्या दिवशी दुपारी जेवणं आटोपल्यावर धाकटा आला. ताईचा हा एकुलता एक भाऊ. दारातच त्याचा चेहरा बघून ताईला कळलं, की ह्याने काहीतरी माती खाल्ली आहे. त्याच्या हातात रुमालात गुंडाळलेली डिस्क होती.

त्या डिस्कवर आई होती. म्हणजे आईचा आवाज. आईच्या घशात गाठ निघाली, स्वरयंत्र काढावं लागेल असं डॉक्टर म्हणाले, तेव्हा ताईने चांगला माइक आणून तिच्यापुढे ठेवला होता. ऑपरेशनच्या आधी आई बसून बसून बोलली. लहानपणचे किस्से, कोण कुणाशी का भांडलं, बाबांच्या चहाड्या, आणि दोघा मुलांना मारलेल्या हाका. हाका भरपूर मारून ठेवते, नंतर तुम्हाला ऐकायला मिळायच्या नाहीत, असं हसत म्हणाली होती.

ऑपरेशननंतर आई वर्षभर जगली, ती मुकी होऊन. तिच्यासाठी भाड्याने लोखंडी खाट आणली होती, बाजूला कठडा असलेली. काही हवं असलं की ती बोटातली अंगठी कठड्यावर आपटायची. टण टण, मग थोडं थांबून टण. तीच तिची हाक. धाकटा तिच्याजवळ राहायचा, त्यामुळे हाक त्यालाच असायची. आणि ती गेली त्या पहाटे बराच वेळ कठडा वाजवत राहिली. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी नंतर सांगितलं, की आम्हाला छतातून ऐकू येत होतं, बाई. धाकटा पलीकडच्या खोलीत झोपला होता. तो म्हणाला, आवाजच आला नाही. कानात गाणी लावून झोपलो होतो.

ताईने त्याला त्या दिवसापासून माफ केलं नव्हतं. भांडली नाही, रडली नाही, फक्त त्याच्याशी कामापुरतं बोलायला लागली. तिच्यासारख्या बाईने न भांडणं किती वाईट, हे ज्याने तिची बोलणी खाल्ली आहेत त्यालाच कळेल.

आता तो सांगत होता, की डिस्क चालू असताना चुकून ओढली गेली. दुसरीकडे लावली तर उघडत नाही.

"दुसरी कॉपी कुठाय?" ताईने विचारलं.

धाकट्याने रुमालाची घडी घालायला घेतली.

"मी तुला सांगितलं होतं, दोन ठिकाणी ठेव. तू मला सांगितलंस, ठेवलंय."

"ठेवणारच होतो, ताई."

ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आई गेली तेव्हाही हा करणारच होता, उठणारच होता, बघणारच होता. तिने डिस्क त्याच्या हातातून हिसकावून घेतली आणि त्याला बाहेरच्या खोलीत बसायला सांगितलं. चहा तेवढा दिला. शत्रूलाही देते मी, असं पुटपुटून कप त्याच्यापुढे आदळला.

३

ताईची कामाची खोली बाहेरच्या खोलीला लागूनच होती. मध्ये एक दार, ते कधी नीट लागायचं नाही, अर्धवट उघडंच राहायचं. टेबल, मशीन, खिडकीला जाड पडदा, आणि एक खुर्ची जी पाठ टेकली की कुरकुरायची. दुपारची वेळ, सगळी इमारत पेंगुळलेली. मध्येच लिफ्टचं दार वाजायचं तेवढंच.

डिस्क लावल्यावर तिला कळलं, की ह्या दिवट्याने ती कुठल्या तरी मित्राच्या सांगण्यावरून भलत्याच पद्धतीने मांडली होती. त्या पद्धतीचं हत्यार ताईच्या मशीनवर नव्हतं, म्हणजे आधी ते टाकणं आलं. तिने कमांड दिली. मशीनने नेहमीचा प्रश्न विचारला. आणि ताईने जागेचा आकडा बघितला.

ही असली हत्यारं अगदी चिमुकली असतात. एका फोटोला लागते तेवढी जागा त्यांना पुष्कळ झाली. इथे मशीन मागत होतं ती जागा कित्येक पट मोठी होती, अख्खी कपाटं भरतील एवढी. ऑफिसात कुणी हे तिला दाखवलं असतं तर तिने त्याचा हात धरून ठेवला असता. पण बाहेरच्या खोलीत धाकटा चहा फुरके मारत पीत होता, आणि तो आवाज तिच्या डोक्यात जात होता. आकडा चुकीचा छापला असेल, असं तिने ठरवलं. माणूस रागात असला की त्याला हवं तेच वाचता येतं. तिने हो म्हटलं.

मग डिस्क तपासायला लावली. मशीन विचारायला लागलं. हा तुकडा सापडला, कुणाचा आहे कळत नाही, हरवलेल्यांच्या फोल्डरात ठेवू? हो. हा दुसरा, ह्याचंही मूळ सापडत नाही, ठेवू? हो. असे प्रश्नांमागून प्रश्न. अशा वेळी करायची एक सोय असते. आधीच सांगून टाकायचं, की बाबा, तुझ्या सगळ्या प्रश्नांना माझं हो. ताई ती सोय कधीही वापरायची नाही, दुसऱ्या कुणाला वापरूही द्यायची नाही. त्या दुपारी तिने वापरली.

पडद्यावरच्या ओळी भराभर वर सरकू लागल्या. ताई खुर्चीला टेकली, खुर्ची कुरकुरली, आणि तिला वाटलं की आई मिळो, बाकी काही का होईना.

४

आई मिळाली. फाइलींची नावं गेली होती, नुसते आकडे उरले होते, पण पहिलीच उघडली आणि कानावरच्या हेडफोनात आई खाकरली. "चालू झालं का गं हे?" असं म्हणाली. ताईच्या डोळ्यांना धार लागली. कितीतरी दिवस तिने हा आवाज मनात आठवून बघितला होता, आणि प्रत्येक वेळी तो थोडा थोडा पुसट होत चालला होता. आता तो असा कानाशी, खरखरीत, थोडा चिडका. ताईचा स्वभाव कुठून आला हे कळायला तो आवाज पुरे होता.

आई बाबांची कुठलीशी चहाडी सांगत होती. आणि तिच्या बोलण्यामागे, लांब कुठेतरी, वाजलं. टण टण. मग टण.

ताईने फाइल थांबवली. मागे नेऊन पुन्हा लावली. आई बोलत होती आणि मागे कठडा वाजत होता.

ताई काही भुताखेतांवर विश्वास ठेवणारी बाई नव्हती. तिने हिशोब मांडला. हे बोलणं ऑपरेशनच्या आधीचं. लोखंडी खाट आली ऑपरेशननंतर. म्हणजे आई बोलत होती तेव्हा कठडा नव्हता, आणि कठडा आला तेव्हा आई बोलत नव्हती. मग ह्याचा अर्थ एवढाच, की धाकट्याने नंतर कधीतरी काहीतरी रेकॉर्ड करून ठेवलं असणार आणि मोडक्या डिस्कवर दोन तुकडे एकमेकांत घुसले. असं होतं. तिने असं झालेलं बघितलं होतं. तिला बरं वाटलं, आणि धाकट्याचा आणखी राग आला.

तिने दुसरी फाइल लावली. हीत आई हाका मारत होती, आधी ताईला, मग धाकट्याला. तिच्या पाठीमागचं वाजणं आता लांब नव्हतं. त्याच खोलीत होतं. तिसरीत ते आईच्या आवाजापेक्षा मोठं होतं.

ताईने हेडफोन काढून टेबलावर ठेवला.

टण टण. टण.

ते बाहेरच्या खोलीतून येत होतं. ताई ताडकन उठली. असली थट्टा करायला ह्याची जीभ आणि हात झडत कसे नाहीत, असं तिच्या तोंडावर आलंच होतं. पण दारात जाऊन बघते तो धाकटा खुर्चीत बसलेला, दोन्ही हातांत कप घट्ट धरलेला. त्याचे हात मोकळेच नव्हते. आणि त्याच्या आसपास लोखंड असं काही नव्हतंच. लाकडी टेबल, वेताच्या खुर्च्या, भिंतीला लावलेलं लाकडी कपाट. वाजवायचं म्हटलं तरी कशावर वाजवणार?

"ताई," तो म्हणाला, "मला ऐकू येतंय."

"आज येतंय का ऐकू?"

धाकट्याने मान खाली घातली.

"तेव्हाही आलं होतं," तो म्हणाला. "कानात काही नव्हतं माझ्या. मी जागा होतो. रोजच वाजवायची गं ती, रात्री चार चार वेळा. म्हटलं, पाच मिनिटं पडतो आणि उठतो."

५

आता राग म्हणजे काय हे ताईला तोवर कळलंच नव्हतं असं म्हणायला हवं. आजवर जो होता तो नुसता धूर होता. आई त्या कठड्यावर अंगठी आपटत होती, आणि हा पलीकडे छताकडे बघत पडला होता, मोजत होता, एकदा, दोनदा, अजून एकदा.

ती ओरडली नाही. तिचा आवाज एकदम खाली आला, आणि ऑफिसातला कुणी तिथे असता तर त्या आवाजाने पळून गेला असता.

"तुझी गरज नाही कुणाला," ती म्हणाली. "तिला होती तेव्हा तू नव्हतास. मला तर नाहीच. तू मेलास मला."

जिभेला हाड नसतं म्हणतात. बोलून ती वळली आणि खुर्चीत येऊन बसली. हातांना काहीतरी काम हवं होतं, आणि हातांना जे पाठ होतं ते त्यांनी केलं. काम झालं, हत्यार काढायचं. तिने कमांड दिली. मशीनने मोठा मजकूर पडद्यावर टाकला, ह्याच्यासोबत अमक्या अमक्याची आता गरज उरलेली नाही, एवढी जागा मोकळी होईल, पुढे जाऊ? ताईच्या डोळ्यांपुढे पडदा होता पण तिला दिसत होती ती पहाट. तिने हो म्हटलं. एंटर दाबताना एवढा जोर लावला, की टेबल हललं.

ओळी सरकल्या. काढतो आहे, काढतो आहे, काढलं.

बाहेर टण टण झालं. आणि ह्या वेळी तिसरं टण वाजायच्या आत धाकट्याचा आवाज आला. चिडका नव्हता, घाबरलेला नव्हता. शाळेतून उशिरा आलेल्या पोराचा असतो तसा होता.

"आलो," तो म्हणाला. "आलो गं, आलो."

ताईने मान वळवली. अर्धवट उघड्या दाराच्या फटीतून तिला तो दिसला, पाठमोरा. तो उठून उभा होता आणि चालत होता. बाहेरच्या दाराकडे नाही, उलट बाजूला, जिथे नुसती भिंत आणि कपाट होतं. त्याचा उजवा हात पुढे आणि जरा खाली धरलेला होता, आडवं पडलेलं माणूस आपला हात धरतं तेव्हा धरावा लागतो तसा. आणि त्या हाताच्या बोटांवर काहीतरी होतं. ताईला वाटलं, त्याचीच दुसऱ्या हाताची बोटं असतील. मग तिला दिसलं की त्याचा दुसरा हात दुसऱ्या बाजूला लोंबतो आहे. तेवढ्यात तो फटीच्या पलीकडे गेला.

जाऊ दे, असं ताई मनात म्हणाली. रुसायचंय तर रुसू दे भिंतीकडे तोंड करून.

६

थोडा वेळ तिने तसाच घालवला. घर फार शांत झालं होतं. मग सवयीने तिची नजर पडद्यावर गेली आणि मोकळ्या झालेल्या जागेच्या आकड्यावर थांबली.

तिने वर सरकवून टाकतानाचा आकडा शोधला. दोन्ही एकाखाली एक मनात ठेवून बघितले. जेवढं टाकलं होतं तेवढंच काढल्यावर निघायला हवं. हा साधा हिशोब आहे, त्यात चूक होत नसते. निघालेलं जास्त होतं. पुष्कळच जास्त.

"अरे," तिने हाक मारली. "इकडे ये जरा."

बाहेरच्या खोलीत कुणी नव्हतं. खुर्चीजवळ कप होता, अजून कोमट. रुमाल घडी घालून टेबलावर. त्याचा फोन त्याच्याच शेजारी. चपला दाराशी जोडीने काढलेल्या, आणि दाराला आतून कडी. ताईने कपाट उघडलं, स्वतःलाच शिव्या देत उघडलं, आणि आतले कपडे दोन्ही हातांनी बाजूला सारले. मागे कपाटाची फळी होती. तिने न्हाणीघर बघितलं, स्वयंपाकघर बघितलं, खिडकीचे गज एकेक करून हलवून बघितले. प्रत्येक ठिकाणी तिने त्याला चांगली सणसणीत शिवी दिली. शिवी ऐकून तो कोपऱ्यातून हसत बाहेर येईल, लहानपणी यायचा तसा, अशी तिला आशा होती.

मग ती धावत येऊन खुर्चीत बसली आणि तेच हत्यार पुन्हा टाकायची कमांड दिली. ह्या वेळी तिने वाचलं. शब्द न् शब्द वाचला, ओठ हलवत, पहिलीतल्या मुलीसारखा. सोबत काही येणार नाही. लागणारी जागा एका फोटोएवढी. नेहमी असते तेवढीच.

तिने काढून परत टाकलं. पुन्हा काढलं, पुन्हा टाकलं. दर वेळी तेवढाच आकडा. डिस्क तपासली तर मशीनने एकही प्रश्न विचारला नाही. हरवलेल्यांचं फोल्डर रिकामं होतं. कुणाचा माहीत नाही असा एकही तुकडा आता डिस्कवर नव्हता. सगळं ज्याचं त्याच्या जागी होतं.

तिने आईच्या हाकांची फाइल लावली. फाइलीला तिचं नावही परत मिळालं होतं. मागचं वाजणं पार गेलं होतं. आईने आधी ताईला हाक मारली, नेहमीसारखी लांबवून. मग धाकट्याला मारायची तर ती थांबली, आणि अगदी जवळ बसलेल्या माणसाशी बोलावं तशा आवाजात म्हणाली, "किती उशीर केलास रे." पुढे काही नव्हतं. फाइल संपली.

ताईला आईचा आवाज हवा होता आणि तो तिच्यापुढे होता, स्वच्छ, पूर्ण, पहिल्यापासून शेवटपर्यंत. तिने हेडफोनची वायर उपटली आणि तो भिंतीवर फेकला. फोडायचं होतं तिला सगळं. मशीन, डिस्क, स्वतःचे हात. जमिनीवर पडलेल्या हेडफोनची वायर कशालाच जोडलेली नव्हती.

त्यातून आवाज आला. लोखंडावर काहीतरी आपटल्याचा. आईचा ठेका ताईला झोपेतही ओळखता आला असता, आणि हा तो नव्हता. हा कसाही होता, भराभरा, न थांबता. आजवर कुणाला हाक मारायची वेळच आली नाही अशा माणसाचा.

ताई जमिनीवर बसली आणि तिने हेडफोन कानाला लावला. वाजणं वाढत गेलं. कुठे जायचं, कशावर हो म्हणायचं, कुठली कमांड द्यायची, तिला काही कळेना. पण ऐकू येत होतं. आवाजच आला नाही, असं म्हणायची सोय आता तिला नव्हती.